हात दाखवून सुलक्षण

मैत्रिणींनो, नवा मिक्सर घेतला की त्याच्याबरोबर चटण्या-वाटणांची पुस्तिका येते. शिलाईचं यंत्र घेतलं की माणूस घरी येऊन दोरा ओवून दाखवतो. कॅमेऱ्याचं मात्र तसं नाही. तो आपल्या हाती येतो तो आकड्यांच्या माळेसकट! इतके मेगापिक्सेल, इतके ‘के’, फोकसचे इतके शेकडो बिंदू. विकणारा मुलगा भराभरा बोलत असतो आणि आपण मान डोलावत असतो. पण फोडणीचा धूर, कुकरच्या शिट्ट्या, ओट्यावरची ट्यूबलाइट आणि गच्चीवरचं वैशाखातलं ऊन, यांत हे यंत्र कसं वागतं ते कोणी सांगत नाही.

गेले चार महिने मी ‘मिररलेस’ म्हणतात त्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ काढते आहे. लग्नामुंजीचे नव्हेत, स्वयंपाकघरातले. या चार महिन्यांत जे काही हाती लागलं, ते तुमच्यापुढे ठेवावं म्हणून हा लेखनप्रपंच. माझ्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मी घेत नाही. मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाची निंदाही करायची नाही.

तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना हे खूळ कशाला? घरातही हाच प्रश्न निघाला. ‘हे’ म्हणाले, “मोबाइलवर काय वाईट येतं?” वाईट येत नाही, छानच येतं. नातवाचं पहिलं पाऊल, शाळेतला नाच, दारातली रांगोळी यांना मोबाइलच बरा, कारण तो त्या क्षणी हाताशी असतो. पण मला टिपायच्या होत्या सासूबाईंच्या कुरडया!

आमच्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. कुरडया, सांडगे, पापड, मेतकूट यांत त्यांचा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नाही. पण दोन वर्षांपासून बोटांच्या सांध्यांत संधिवात शिरलाय. सोऱ्याचा दांडा दाबताना ओठ घट्ट मिटून घेतात, ते मला दिसतं. या वर्षी गहू निवडायला बसल्या आणि सहज बोलावं तसं बोलून गेल्या, “यंदाच्या ह्या शेवटच्या गं. पुढल्या साली विकतच्या आणा.” मी काहीच बोलले नाही. पण मनात म्हटलं, कुरडया विकत मिळतील, हा हात कुठे विकत मिळणार?

त्यांना कृती विचारून लिहून घ्यावी, तर तीही सोय नाही. “चीक किती शिजवायचा?” “शिजेपर्यंत.” “पाणी किती?” “लागेल तेवढं.” “मीठ?” “अंदाजानं.” वहीत काय लिहिणार, कपाळ? जे बोटांना ठाऊक असतं ते तोंडाला सांगता येत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि तेही पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून. कुरडयांचं काम चार-पाच दिवसांचं. मोबाइलवर ते घ्यायचं तर मध्येच फोन येतो, मध्येच जागा संपते, आणि पातेल्याजवळ न्यायला जीव धजत नाही तो वेगळाच. म्हणून शाळेच्या अर्धवेळ नोकरीतून बाजूला टाकत आलेले पैसे मोडले आणि कॅमेरा आणला.

आता हे ‘मिररलेस’ म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे दुकानात कोणी गोंधळात टाकणार नाही. आपल्या लग्नात फोटोग्राफरकडे जो मोठा कॅमेरा असायचा, त्याच्या पोटात भिंगामागे एक तिरपा आरसा असे. भिंगातून आलेलं चित्र त्या आरशावरून वर जाई आणि फोटोग्राफरच्या डोळ्याला दिसे. बटण दाबलं की आरसा खाडकन वर उचलला जाई, उजेड आत पडे आणि फोटो निघे. व्हिडिओ काढायचा तर आरसा सारखा वर ठेवावा लागतो, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत अंधार! तरी २००८ साली निकॉनचा डी९० आणि कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू असे आरशाचे कॅमेरेही व्हिडिओ काढू लागले होते. त्याच साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ आणला, त्यात आरसाच काढून टाकला होता. भिंगातून आलेला उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि चित्र पडद्यावर दिसतं. २००९ साली त्याच घराण्यातला जीएच१ आला, तो व्हिडिओही काढू लागला. आरसा गेला तशी जागा वाचली, वजन घटलं. हल्ली खास व्हिडिओ करणाऱ्यांसाठी निघालेले कॅमेरे पाहा: सोनीचा झेडव्ही-ई१० (२०२१) ३४३ ग्रॅम, निकॉनचा झेड३० (२०२२) ४०५ ग्रॅम, कॅननचा आर५० (२०२३) ३७५ ग्रॅम. बॅटरी धरून, भिंग सोडून. म्हणजे अर्ध्या किलोच्या आतलं काम. मनगट दुखणाऱ्या आम्हा बायकांना ही मोठीच सोय!

कॅमेरा आणल्यावर थेट कुरडयांवर नेला नाही. आठ दिवस कांदे चिरताना, पोळ्या लाटताना त्याची परीक्षा घेतली. नव्या सुनेलाही आधी चहा करायला सांगतात, एकदम पुरणाला बसवत नाहीत, तसंच हे!

पहिल्याच संध्याकाळी चित्रात काळसर पट्टे वरखाली सरकताना दिसले. कॅमेरा बिघडलेला निघाला की काय, असं घरात सर्वांना वाटलं. पण दोष कॅमेऱ्याचा नव्हता, विजेचा होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते आणि तिच्यावरचे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. उपाय सोपा. मेनूत ‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ अशा दोन पद्धती असतात, त्यांतली पाल निवडायची, सेकंदाला २५ चित्रं ठेवायची आणि शटरचा वेग १/५० करायचा. पट्टे गायब! एखादा एलईडी बल्ब तरीही हटवादीपणा करतो. तो सरळ बंद करावा आणि दुसरा लावावा.

दुसरी गोष्ट रंगाची. कॅमेऱ्यावर सोपवलं, तर तो खिडकीतला उजेड आणि ट्यूबलाइट यांत गोंधळतो. कढईतली हळद हिरवट दिसते, आणि पिवळ्या बल्बखाली दहीसुद्धा आमरसासारखं! कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. काम सुरू करण्यापूर्वी ओट्यावर कोरा कागद ठेवायचा, मेनूतल्या व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो टिपायचा, की पुढचे सारे रंग ताळ्यावर येतात. दिवा बदलला की पुन्हा कागद दाखवायचा. आणि शक्य तर एकच उजेड ठेवायचा, खिडकीचा नाहीतर दिव्याचा.

तिसरी गोष्ट आवाजाची. कॅमेऱ्याच्या अंगचा माइक पंखा, मिक्सर, भांडी आणि बोलणारं माणूस यांत आपपरभाव करत नाही. आपला कान नको ते गाळतो, माइक सगळं भरून घेतो. सासूबाईंचं बोलणं हळू. म्हणून पदराला लावायचा छोटा माइक घेतला आणि त्याची वायर कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात खोचली. त्यापुढे पंखा बंद, फ्रिजचं बटण तेवढा वेळ बंद. काम झाल्यावर फ्रिज पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून मी कॅमेऱ्याची पिशवी फ्रिजच्या हँडलला अडकवते. ही युक्ती लक्षात ठेवा, दूध नासणार नाही. माइक घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याला माइकचं भोक आहे ना, हे दुकानात आधी बघा. ऐकण्यासाठी हेडफोनचं भोक असलं तर दुधात साखर. काही कॅमेऱ्यांना ते नसतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं.

या नव्या कॅमेऱ्यांची सगळ्यात मोठी वाखाणणी होते ती चेहरा ओळखण्याबद्दल. चित्रात माणूस आलं की कॅमेरा आपसूक त्याचा चेहरा शोधतो, डोळे शोधतो आणि तेवढे लख्ख करतो. माणूस हललं तरी पाठ सोडत नाही. दुकानात हे बघून मीही थक्क झाले होते. पण स्वयंपाकघरात काय होतं? सासूबाई लसूण सोलतायत, मला हवीत ती त्यांची बोटं, आणि कॅमेरा आपला त्यांच्या चष्म्यावर खिळून बसलेला! मी भिंग खाली नेते, त्या जरा वाकतात, की लगेच हा पुन्हा वर धावतो. हात पुसट, चेहरा स्वच्छ. त्यात सासूबाईंचं सुरू, “अगं, माझं थोबाड काय घेतेस? मी काय नटी आहे? हात घे की!”

त्या सहज बोलल्या, पण मला ते चांगलंच लागलं. खरंच, आपल्या घरांतलं ज्ञान चेहऱ्यावर असतं का हो? ते असतं हातात. पुरणपोळीचा उंडा किती सैल हे तळव्याला कळतं. भाकरीचं पीठ मळून झालं हे मनगटाला कळतं. बाळाला ताप आहे की नुसतं अंग कोमट आहे, हे हाताच्या पाठीला कळतं. आणि आपल्या घरातले जुने अल्बम काढून बघा. सगळीकडे चेहरे, समोर बघून हसणारे. कोणाच्या आजीचे हात दिसतात का सांगा! दिसलेच तर पदराखाली झाकलेले.

तर कॅमेऱ्याला ही नजर आपण द्यावी लागते. मेनूत चेहरा आणि डोळे शोधण्याची सोय असते, ती बंद करायची. मग फोकसचा छोटा चौकोन निवडायचा आणि पडद्यावर जिथे बोटं असतील तिथे आपलं बोट टेकवायचं. काही कॅमेऱ्यांत चेहऱ्याऐवजी पुढे धरलेली वस्तू टिपण्याची खास सोय असते. वर सांगितलेल्या सोनीच्या कॅमेऱ्यात आहे, कॅननच्या आर५०मध्येही जवळून प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी वेगळी रीत आहे. लिपस्टिकच्या कांड्या आणि क्रीमच्या बाटल्या दाखवणाऱ्यांच्या ती फार कामी येते. आपण तिथे कुरडई धरावी!

कॅमेरा किती जवळ न्यायचा यालाही मर्यादा असते. कॅमेऱ्याबरोबर येणारं साधं भिंग वीतभराहून किंचित जास्त अंतरापर्यंत नीट बघतं. त्याहून जवळ नेलं की सारं धूसर. दागिन्यांसारखे बारीक मोहोर टिपणारी भिंगं वेगळी मिळतात, पण स्वयंपाकघराला हे बरोबरचं भिंग पुरतं.

आणि हात हलता नये. हातात धरून चाललं तर चित्र डुलतं. कॅमेऱ्यात ते स्थिर करण्याची सोय असते, पण स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत ती बहुधा चित्राच्या कडा कापून साधलेली असते. म्हणजे आपण परातभर टिपायला जावं आणि ताटभर हाती यावं! त्यापेक्षा तिपाई बरी. मी तिपाई ओट्याशेजारच्या स्टुलावर ठेवून तिचा एक पाय दोरीने खिडकीच्या गजाला बांधते. घरात मुलं असतील तर दोरी हवीच.

एवढी तयारी झाली आणि चैत्र सरता सरता गहू भिजत घातले. तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं. चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून चीक काढला, गाळला आणि रात्रभर तसाच ठेवला. पहाटे वर आलेलं पाणी अलगद ओतून दिलं, तेव्हा तळाशी दह्यासारखा घट्ट पांढरा चीक बसलेला. पाच वाजता आधण ठेवलं.

इथे दोन अडचणी आल्या, त्या सांगते. पहिली पांढऱ्या रंगाची. चित्र पांढऱ्याने भरलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळं करडं करून टाकतो. चीक पांढरा, पातेलं चकचकीत. तेव्हा उजेडाचं अधिक-उणे करायचं जे चक्र असतं, ते अधिककडे थोडं सरकवायचं. इडली, भात, खवा, साबुदाणा, सगळ्यांना हाच नियम. दुसरी अडचण वाफेची. तिरप्या बाजूने टिपलं तर भिंग वाफेपासून वाचतं. वरून टिपायचं असेल तर भिंगावर काचेचं साधं संरक्षक झाकण लावा आणि मऊ सुती फडकं हाताशी ठेवा. पदराने भिंग पुसू नका. पदराला पीठ असतं, तेल असतं.

उकळत्या पाण्यात मीठ-हिंग पडलं, चीक धारेने ओतला, आणि सासूबाईंचा हात सुरू झाला. पंचवीस मिनिटं त्या लाकडी उलथन्याने घोटत होत्या. मध्ये एकदाच हात बदलला. मी पडद्याकडे बघत होते. दुपारी लेकीबरोबर ते सगळं पुन्हा पाहिलं, थांबवून थांबवून. आणि जे मला लग्नाला चौदा वर्षं होऊनही दिसलं नव्हतं, ते तिथे दिसलं. त्या घोटताना अधूनमधून डाव्या हाताची दोन बोटं शेजारच्या वाटीतल्या पाण्यात बुडवतात आणि चिकाला झटकन टेकवतात. चीक बोटाला लागला तर घोटणं चालू. लागला नाही आणि वर काचेसारखी झाक आली की गॅस बंद. हाच त्यांचा ‘शिजेपर्यंत’! विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मी असं करते? मला कुठे ठाऊक!” त्यांच्या सासूबाईंकडून त्यांच्या बोटांत आलेलं, बोटांनीच जपलेलं. आणि पाण्याचा हिशेबही मिळाला. त्यांच्या ‘लागेल तेवढं’चं माप म्हणजे तेच एक पितळी भांडं. चीक जितकी भांडी, पाणी तितकीच भांडी. वहीत आता हे लिहून ठेवलं आहे.

चीक गरम असतानाच कुरडया घालायच्या, म्हणून पातेलं घेऊन गच्चीवर. साडेसहाचं ऊन कोवळं असतं तोवर ठीक. पण आठ वाजता डोळे दिपायला लागतात आणि कॅमेऱ्याचेही दिपतात. शटर १/५० ठेवलं तर सगळं पांढरंफटक. उन्हात विजेची लुकलुक नसते, त्यामुळे शटरचा वेग वाढवला तरी पट्टे येत नाहीत. मात्र हात हलताना झटके दिल्यासारखे दिसतात. म्हणून भिंगाला काळसर काच लावतात, तिला एनडी फिल्टर म्हणतात. भिंगाचा गॉगलच म्हणा ना! सावलीचा मात्र त्रास झाला. सासूबाईंच्याच अंगाची सावली सोऱ्यावर पडे. लेकीला पांढरी चादर धरून समोर उभं केलं. चादरीवरचं ऊन उलटून हातांवर पडलं आणि कुरडईची तारन् तार दिसू लागली.

ही युक्ती माझी नव्हे बरं का! दादासाहेब फाळके १९१२ साली वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते दिवसादिवसाला टिपत होते आणि १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या पट्टीला भोकं पाडत, ती धुण्याची रसायनं कालवत, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधत, आणि चित्रण चालू असताना उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. आपल्या देशात सिनेमाला उजेड दाखवणाऱ्यांत एक गृहिणी होती. चादर धरताना लेकीला हे सांगितलं, तेव्हा तिचे दुखणारे हात जरा उंच झाले!

उन्हाबद्दल एक इशारा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ० ते ४० अंश सेल्सियस एवढंच तापमान चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या वरही जातो आणि काळं अंग ऊन पिऊन घेतं. आमचा कॅमेरा नऊच्या सुमाराला तापल्याची खूण दाखवून बंद पडला. सावलीत नेऊन, पडदा अंगापासून उघडा ठेवून वीस मिनिटं निववला, मग पुन्हा सुरू झाला. गच्चीवर छत्री बांधा, कॅमेऱ्यावर पांढरा ओला नव्हे, कोरडा पंचा टाका, आणि सर्वांत कमी तपशिलाचा चालेल तो व्हिडिओ घ्या. फोर-के चित्र टिपताना कॅमेरा जास्त तापतो आणि जागाही फार खातो. सेकंदाला १०० मेगाबिट या हिशेबाने तासाला ४५ जीबी भरतात. साधं फुल एचडी घरच्या टीव्हीवर छान दिसतं. कार्डावर ‘व्ही३०’ असं लिहिलेलं बघून घ्या. म्हणजे सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहून घेण्याची त्याची तयारी असते. बॅटऱ्या दोन ठेवा. एक कामात, एक चार्जिंगला.

कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या. व्हिडिओही जोडून झाला, चाळीस मिनिटांचा. रात्री सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. पुतण्या सुट्टीला आला होता. तो उडालाच! म्हणाला, “काकू, हे यूट्यूबवर टाका. हजारो लोक बघतील.” ‘ह्यां’नाही ते पटलं. “एवढे पैसे घातलेत, काहीतरी वसूल होईल,” असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. सगळे उत्साहाने बोलत होते. ज्यांचे हात पडद्यावर दिसत होते, त्यांना मात्र कोणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं, “आई, तुम्हाला काय वाटतं?”

त्या बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. चित्र थांबवलेलं होतं, त्यांची वाकडी झालेली बोटं सोऱ्यावर. मग म्हणाल्या, “ज्याला शिकायचंय, त्याला दे. ज्याला नुसतं बघायचंय, त्याला कशाला?”

पुतण्याने समजावलं, चेहरा तर दिसतच नाही, कोणाला कळणार आहे! त्यावर त्या म्हणाल्या, “मला कळेल ना.”

विषय तिथेच संपला. निदान माझ्यापुरता तरी संपला. मैत्रिणींनो, कॅमेरा माझा, पैसे माझे, पण हात त्यांचे. ज्यांना यूट्यूबवर द्यायचं त्यांनी खुशाल द्यावं. कित्येक जणींनी त्यातून नाव आणि चार पैसेही मिळवलेत, त्याचं मला कौतुक आहे. पण म्हातारं माणूस घरातलं आहे म्हणून त्याची परवानगी गृहीत धरू नये. विचारावं, आणि उत्तर येईल ते मानावं. आमच्या घरी आता नियम ठरला आहे: दोघी नणंदांना एकेक प्रत दिली. शेजारच्या नव्या सूनबाईला शिकायचं होतं, तिला समोर बसवून दाखवला. तिच्या शंका सासूबाईंनी पलंगावर बसून सोडवल्या. एवढ्या खुलून बोलताना त्यांना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी असा कॅमेरा घ्यायच्या विचारात असाल, तर थोडं हितगुज. नवा कॅमेरा भिंगासकट पन्नास हजारांच्या पुढे जातो. आधी कोणाचा तरी चार दिवस मागून वापरून बघा, आणि सेकंडहँड चांगला मिळाला तर नाक मुरडू नका. पडदा बाजूला उघडून वळणारा हवा, म्हणजे ओट्यावर वरून टिपतानाही दिसतं. दुसऱ्या भिंगाचा मोह लगेच नको. पैसे उरलेच तर माइक आणि तिपाई आधी. स्वयंपाकघरात भिंग कधीही काढू नका. आरसा नसल्यामुळे भिंग काढलं की बहुतेक कॅमेऱ्यांत आतला सेन्सर उघडा पडतो, आणि बेसनाचा एक कण त्यावर बसला की प्रत्येक चित्रात डाग.

पावसाळ्यात भिंगाच्या काचेवर बुरशी धरते, कोकणात तर हमखास. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटात साड्यांखाली ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळाले तर उत्तम, दमट झाले की कळतं. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका, तांदळाचा कोंडा फटीफटींत शिरतो. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. न वापरलेलं यंत्र आणि न वापरलेलं लोणचं, दोन्हींना बुरशी लवकर येते! आणि टिपलेलं एकाच जागी ठेवू नका. एक प्रत घरातल्या हार्डडिस्कवर, दुसरी नात्यातल्या दुसऱ्या घरी. वर तारीख, पदार्थ आणि कोणाचे हात, हे लिहून ठेवा. वीस वर्षांनी बघणाराला चेहरा नसला तरी नाव कळायला हवं.

मे महिन्याच्या अखेरीला थोडे गहू उरले होते, त्यांचा दुसरा घाणा केला. या वेळी सोऱ्या माझ्या हातात होता, कॅमेऱ्यामागे लेक होती आणि सासूबाई छत्रीखाली खुर्चीत. “हात घे गं तिचा, तोंड नको,” असं नातीला बजावत होत्या. मी पाण्यात दोन बोटं बुडवून चिकाला टेकवली, तेव्हा त्यांनी मान हलवली. दोन्ही व्हिडिओ आता एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या कुरडईची तार बारीक, एकसारखी. माझी अजून जराशी जाड आहे. पुढच्या उन्हाळ्यात बघू.